कल्पित नौदलाचा 'पन्हाळा' वर्ग आखताना: नवख्यांसाठी

जहाजबांधणी शिकायची ओढ आहे आणि राहायला कोल्हापुरात, तर कल्पित नौदलासाठी उभयचर जहाजांचा (म्हणजे सैन्य आणि रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणाऱ्या जहाजांचा) एक वर्ग कागदावर आखून काढणं ही उत्तम तालीम आहे. वर्गाला पहिल्या जहाजाचं नाव लागतं. इथे 'पन्हाळा' धरू. पाठची भावंडं विशाळगड, भुदरगड, पारगड.

नवखे बहुधा तोफा आणि हेलिकॉप्टर डेकपासून सुरुवात करतात आणि मग मागच्या डॉकला, म्हणजे होड्या ठेवायच्या आणि पाणी आत घेता येणाऱ्या दालनाला (वेल डेक), जागाच उरत नाही. आधी ठरवा, किनाऱ्यावर उतरवायचं काय आणि कशातून. टी-90 रणगाडा साडेसेहेचाळीस टनांचा. एलसीएम-8 ही किनाऱ्यावर उतरवणारी होडी असा एक रणगाडा नेते. ती सुमारे 22.5 मीटर लांब, 6.4 मीटर रुंद. दोन शेजारी, दोन मागे-पुढे अशा चार होड्या बसवायच्या तर मोकळ्या जागेसकट वेल डेक 50 बाय 15 मीटर लागतो. आपली 'जलाश्व' (2007 साली नौदलात दाखल, लांबी सुमारे 173 मीटर) चार एलसीएम-8 नेते, म्हणून पडताळ्याला तीच घ्या.

'पन्हाळा' 170 मीटर लांब, 25 मीटर रुंद, 16,000 टनांची धरा. खाऱ्या पाण्यात ती बाजूला सारते त्या पाण्याचं घनफळ 15,610 घनमीटर, बुडी (पाण्याखालची खोली) साधारण 6.1 मीटर. होड्या बाहेर काढायला बॅलास्ट टाक्या (जहाज जड करायच्या पाण्याच्या टाक्या) भरून मागची बाजू बुडवावी लागते. होडीची बुडी दीड मीटर असेल तर डॉकच्या मागच्या दाराच्या उंबऱ्यावर निदान दोन मीटर पाणी हवं, नाहीतर लाट खाली गेली की होडी उंबऱ्यावर आदळते. पाणीही थोडंथोडकं लागत नाही: एवढं जहाज सरळ एक मीटर बुडवायचं तर सुमारे 3,200 टन.

खरी मेख पुढे आहे. डॉकमध्ये पाणी शिरलं की जहाजाची स्थिरता घटते. किती, ते काढायला डॉकची लांबी गुणिले रुंदीचा घन, भागिले 12: म्हणजे 50 × 15³ ÷ 12, साधारण 14,060. त्याला जहाजाच्या घनफळाने, 15,610 ने भागा, घट 0.9 मीटर. जीएम, म्हणजे जहाजाला सरळ ठेवणारं माप, दीड मीटर असेल तर त्यातलं निम्म्याहून जास्त इथेच गेलं! अर्धवट भरलेल्या टाक्याही हाच त्रास देतात. पण टाकीत मधोमध उभी भिंत घातली तर त्या टाकीचा परिणाम चौथाईवर येतो. डॉकला तशी सोय नाही, म्हणून रुंदी वाढवताना हात आखडता ठेवा. रुंदीचा घन आहे हे विसरू नका.

हे डोळ्यांनी पाहायचं तर 1:200 प्रतिकृती करा: 850 मिमी लांब, 125 मिमी रुंद, डॉक 250 बाय 75 मिमी. नळाच्या गोड्या पाण्यात तिचं वजन 1.95 किलो भरलं पाहिजे. अ‍ॅक्रिलिक कापून, पितळी वजनं वळवून द्यायला शिवाजी उद्यमनगरात कारागीर मिळतात. रंकाळ्यावर नेऊ नका. वाऱ्याने मोजमाप बिघडतं, मोठा टब बरा. 200 मिमीचा ओळंबा लावा, 20 ग्रॅमचं वजन डेकवर आडवं 50 मिमी सरकवा. ओळंबा 13–14 मिमी हलला तर जीएम 7.5 मिमी, म्हणजे खऱ्या जहाजात दीड मीटर. आता डॉकमध्ये पाणी सोडून तेच पुन्हा करा. आकडा वहीत उतरवताना टाक्या किती भरल्या होत्या तेही लिहा. त्याशिवाय तुलना होत नाही.

गाड्यांचा क्रम उलटा लावा: जी आधी उतरायची ती शेवटी चढवा. बंद डेकवर इंजिनं सुरू होणार, धूर बाहेर काढायचे पंखे पहिल्याच आराखड्यात दाखवा. मागाहून त्यांच्या नळ्यांना वाट मिळत नाही. किनाऱ्याचा उतार आणि भरती-ओहोटी तपासताना कोकणातल्या कोळ्यांना विचारा. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांतला पाण्याचा फरक त्यांना तोंडपाठ असतो.

बारावीनंतरची वाट: आयआयटी खरगपूर आणि मद्रासला जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून, कोचीच्या कुसाट विद्यापीठाला त्यांची स्वतःची प्रवेशपरीक्षा 'कॅट', विशाखापट्टणमला भारतीय सागरी विद्यापीठाची आयएमयू-सीईटी. मुलाखतीला अशी वही बरोबर ठेवा, आणि त्यातला प्रत्येक आकडा फळ्यावर पुन्हा काढता आला पाहिजे.