वह्या उतरवायला येताना

चर्चच्या जुन्या बाप्तिस्म्या-लग्नांच्या वह्यांतल्या नोंदी तक्त्यात उतरवायला शनिवारी दहाला पॅरिश ऑफिसात जमायचंय, त्याआधी एवढं वाचून या. फादरांनी तोंडी होकार दिलाय, पण फादर बदलले की तोंडी होकारही त्यांच्याबरोबर जातो. म्हणून कोणत्या वह्या, कोणत्या सालापर्यंतच्या, फोटो काढायचे की नाही, हे लिहिलेलं पत्र आधी फाईलीत हवं.

पेन घरी ठेवा, पेन्सिल आणा. एक भिंग आणा. पांढरे हातमोजे सिनेमात शोभतात. त्यांनी बोटांना पानाचा अंदाज येत नाही आणि कडा फाटतात. हात धुऊन कोरडे केले की पुरे. जुन्या शाईत लोहक्षार असतो, तो कागद खातो. काही अक्षरांच्या जागी नुसती भोकं उरलीत. त्यामुळे कितीही उकडलं तरी वही उघडी असताना पंखा बंद. दमट हवेत चिकटलेली पानं ओढून सोडवू नका, तशीच राहू द्या. उजेड खिडकीतून तिरका घ्यायचा, फ्लॅश नको.

वही कोणत्या भाषेत आहे ते आदल्या दिवशी विचारून घ्या. मुंबईत १९२८पर्यंत पाद्रुआदो (पोर्तुगालच्या आश्रयाखालची) आणि प्रोपगांडा (थेट रोमच्या हाताखालची) अशा चर्चच्या दोन सत्ता शेजारी शेजारी होत्या, म्हणून एकाच गावातली दोन घराणी दोन वेगळ्या देवळांच्या वह्यांत सापडू शकतात. एकीत पोर्तुगीज, दुसरीत लॅटिन. लॅटिनमधला ‘लुडोविकुस’ घरी लुईसच असणार, पण तक्त्यात लुडोविकुसच लिहायचं. लुईस हे शेजारच्या रकान्यात, तुमचा अंदाज म्हणून.

तारखांना मी स्वतः फसलोय. ‘८ब्रो’ दिसलं, आठवा महिना म्हणून ऑगस्ट टाकला. मग एका घरात थोरल्याचा बाप्तिस्मा डिसेंबरात आणि धाकटीचा पुढच्या ऑगस्टात, म्हणजे आठ महिन्यांत दुसरं मूल! ते ‘औतुब्रु’ होतं, ऑक्टोबर. जुन्या रोमन गणतीत वर्ष मार्चपासून धरत, म्हणून ७ म्हणजे सप्टेंबर, ८ ऑक्टोबर, ९ नोव्हेंबर, रोमन दहाचा ‘एक्स’ म्हणजे डिसेंबर. हे चिठ्ठीवर लिहून समोर चिकटवा. ‘साल्सेत’, म्हणजे साष्टी, दिसलं की तिथेही थांबा: साष्टी इथलीही आहे, गोव्यातलीही.

सगळ्यात जास्त चुका गावठाणातल्या जाणत्या माणसांकडून होतात, हे जरा कडू आहे. “हा तर आमच्या रनवारचा परेरा, वहीत चुकलंय,” म्हणत माणूस वहीच दुरुस्त करतो. पायस लिहिलेलं असलं तरी परेराच वाचतो आणि पिंटोही परेरा होतो. दिसेल ते लिहा. जे ठाऊक आहे ते शेऱ्यात. वाचता आलं नाही तर प्रश्नचिन्ह, त्यात कमीपणा नाही. अडलेलं अक्षर त्याच पाद्रीबाबांच्या हातच्या दुसऱ्या नोंदीत शोधा. त्यांचा ‘स’ एकदा ओळखला की अर्धं पान सुटतं. एकाने वाचलेलं दुसऱ्याने पहिल्याचा तक्ता न बघता वाचायचं, मग ताळा.

फोटोत समास कापू नका. १९०८पासून माणसाच्या लग्नाची नोंद त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी करण्याचा नियम झाला, त्यामुळे नेमकं तिथेच पुढचं गाव, पुढचं देऊळ कळतं.

‘पाय इंकोग्निटू’, बाप अज्ञात, अशी नोंद आली तर तशीच उतरवा आणि गप्प बसा. ते घर कदाचित अजून तिथेच, दोन गल्ल्या पलीकडे असेल. व्हॉट्सॲपवर पानांचे फोटो फिरवायचे नाहीत, स्वतःच्या खापरपणजीचंही नाही.

डबा व्हरांड्यात खायचा. बॉटल मसाल्याचं कालवण आणणार असाल तर हात दोनदा धुवा.