नेटवर्कवरची सीएचएम हेल्प फाइल उघडत नसेल तर

सीएचएम (नावाच्या शेवटी .chm असलेली विंडोजची मदतीची फाइल) उघडली की डावीकडे विषयांची यादी नीट दिसते, पण उजवीकडचं पान कोरं राहतं किंवा पान उघडता येत नसल्याचा संदेश येतो. अशा वेळी फाइल पुन्हा पुन्हा डाउनलोड करण्यात काही अर्थ नाही. ती बहुधा धडधाकट असते. जून 2005 मधल्या एका सुरक्षा अपडेटपासून विंडोज नेटवर्कवरच्या सीएचएममधली पानं अडवतं. शेअरला, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरला, झेड ड्राइव्ह नाव दिलं म्हणून तो ‘लोकल’ (स्वतःच्या मशीनवरचा) होत नाही.

आधी फाइल स्वतःच्या डिस्कवर कॉपी करून उघडा. तरी अडली, तर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अनब्लॉक. फोल्डरच्या नावात # असेल तर ते काढा. त्या एका चिन्हानेही पानं सापडत नाहीत. बहुतेकांचं काम इथेच संपतं.

फाइल शेअरवरच ठेवायची असेल, तर प्रत्येक मशीनची रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) बदलावी लागते आणि घोळ तिथेच होतो. लोकल मशीन (HKEY_LOCAL_MACHINE) शाखेत सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, एचटीएमएलहेल्प, 1.एक्स या क्रमाने आत जा आणि तिथे आयटीएसएसरिस्ट्रिक्शन्स (ItssRestrictions) ही की, म्हणजे रजिस्ट्रीतला फोल्डर, तयार करा. ती आधीपासून सहसा नसते. नावं रोमनमध्ये, मध्ये जागा न सोडता.

सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे इथे मॅक्सअलाउडझोनची (MaxAllowedZone, कुठल्या झोनपर्यंतच्या फाइल चालतील ते ठरवणारी नोंद) किंमत 1 करा. करू नका. त्याने एका शेअरसाठी अख्ख्या इंट्रानेटला दार उघडं होतं. शिवाय शेअर आयपी पत्त्याने किंवा टिंब असलेल्या नावाने उघडला, तर विंडोज त्याला एरवी इंटरनेट झोन मानतं आणि पान कोरंच राहतं. मग लोक वैतागून 3 टाकतात, म्हणजे इंटरनेटवरची कुठलीही फाइल चालेल. हे तर मुळीच नको.

त्याऐवजी त्याच कीमध्ये यूआरएलअलाउलिस्ट (UrlAllowList) ही स्ट्रिंग व्हॅल्यू, म्हणजे मजकुराची नोंद, बनवा. तिच्यात शेअरचा पत्ता दोन रूपांत लिहा, मध्ये अर्धविराम: \\सर्व्हर\हेल्प\;फाइल://\\सर्व्हर\हेल्प. एकच रूप लिहिलं की यादी दिसते, पान दिसत नाही, आणि माणूस भलतीकडेच चूक शोधत बसतो. वापरणारे ज्या नावाने शेअर उघडतात, तेच नाव इथे हवं. 64 बिट विंडोजवर 32 बिट प्रोग्रॅमची हेल्प असेल, तर हीच नोंद सॉफ्टवेअरमधल्या वाव6432नोड (Wow6432Node) या शाखेखालीही करा.

हेल्पच्या सगळ्या खिडक्या बंद करून फाइल पुन्हा उघडा.

त्या शेअरवर लिहिण्याची परवानगी फक्त ॲडमिनला ठेवा. सीएचएममधून स्क्रिप्ट चालते. कुणी फाइल बदलली, तर ती बदललेली फाइल वरची नोंद केलेल्या प्रत्येक मशीनवर चालेल.