महाधमनीच्या भिंतीतलं रक्त मोजायला शिकताना

हृदयशस्त्रक्रियेत रक्तप्रवाह मोजायचा म्हटलं की नव्याने येणाऱ्यांच्या मनात दोन आकडे येतात. बायपासच्या ग्राफ्टमधून, म्हणजे जोडलेल्या नव्या रक्तवाहिनीतून, मिनिटाला किती मिलिलिटर रक्त जातं आणि ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन (आमच्या भाषेत पंप) मिनिटाला किती लिटर रक्त फिरवतं. मी सांगणार आहे ते तिसऱ्या मोजमापाबद्दल. महाधमनीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीची, भिंत स्वतः जिवंत ऊतक आहे, तिलाही रक्त लागतं, आणि ते किती पोचतंय हे ऑपरेशन चालू असताना पाहता येतं. गोव्यातल्या पेडणे-डिचोलीकडच्या आणि पलीकडच्या दोडामार्ग-सावंतवाडीच्या काही मुलामुलींनी या कामात कसं यायचं असं विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात शरीररचनेपासून करा, यंत्रापासून नको. महाधमनीचा सर्वांत आतला भाग आतून वाहणाऱ्या रक्तातूनच प्राणवायू घेतो. बाहेरच्या थराला आणि मधल्या थराच्या बाहेरच्या भागाला मात्र वेगळ्या बारीक रक्तवाहिन्या असतात, त्यांना वासा वासोरम म्हणतात. वोलिन्स्की आणि ग्लागोव्ह या संशोधकांनी १९६७ साली वेगवेगळ्या सस्तन प्राण्यांच्या महाधमन्या तपासून दाखवलं की मधल्या थरात लवचीक पापुद्रे साधारण २९च्या वर गेले की तिथे या वाहिन्या सापडतात, त्याहून कमी असतील तर सहसा नाहीत. माणसाच्या छातीतली महाधमनी या मर्यादेच्या बरीच वर आहे, पोटातली जेमतेम काठावर. चढत्या महाधमनीच्या (हृदयातून वर जाणाऱ्या पहिल्या भागाच्या) भिंतीला रक्त येतं ते मुख्यतः हृदयाच्या कोरोनरी वाहिन्यांच्या आणि कमानीतून निघणाऱ्या मोठ्या वाहिन्यांच्या फांद्यांतून, तर छातीतून खाली उतरणाऱ्या भागाला बरगड्यांमधल्या धमन्यांतून. हे डोक्यात पक्कं बसलं नाही तर पुढे क्लॅम्प (महाधमनी बंद करणारा चिमटा) लावल्यावर आकडा का पडला हे कळणारच नाही.

आणि हे मोजायचं कशासाठी? सर्जन कॅन्युला (मशीनला जोडायची नळी) घालण्याआधी महाधमनीवरची चरबी बाजूला करतात, टाके घेतात, क्लॅम्प लावतात. या बारीक वाहिन्या त्याच चरबीत आणि बाहेरच्या थरात असतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हा पुरवठा तोडल्यावर महाधमनी ताठर झालेली आणि मधल्या थरातल्या पेशी मेलेल्या आढळल्या आहेत. माणसात, ऑपरेशनच्या त्या तासांत, भिंतीचं नेमकं काय होतं हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. आपण ज्या भिंतीला शिवतो, तिच्यावर रुग्णाचा पुढचा रक्तदाब आयुष्यभर आदळणार असतो.

यासाठी वापरतात ते लेझर डॉप्लर. भिंतीवर टेकवायच्या बारीक प्रोबमधल्या एका तंतूतून लेझरचा प्रकाश ऊतकात जातो. हलत्या तांबड्या पेशींवर आदळून परतणाऱ्या प्रकाशाची वारंवारता किंचित बदलते आणि दुसरा तंतू तो प्रकाश परत यंत्राकडे नेतो. पडद्यावर दिसतो तो तांबड्या पेशींची संख्या आणि त्यांचा सरासरी वेग यांचा एकत्रित आकडा. तो परफ्युजन युनिटमध्ये असतो, मिलिलिटरमध्ये नाही. ग्राफ्टवर लावतात तो अल्ट्रासाउंडचा फ्लोमीटर मिलिलिटर सांगतो, त्याची सवय झालेली माणसं इथेही ‘नॉर्मल किती?’ विचारतात. एका रुग्णाचा आकडा दुसऱ्याच्या शेजारी ठेवून इथे फारसं हाती लागत नाही. त्याच रुग्णात, त्याच जागी, आधी आणि नंतर काय झालं तेवढंच खात्रीने बोलता येतं.

साधारण प्रोब ऊतकात जेमतेम मिलिमीटरभर खोल पाहतो. निरोगी चढत्या महाधमनीची भिंत दोनेक मिलिमीटर जाड असते, म्हणजे बाहेरून ठेवलेला प्रोब बरोबर वासा वासोरमच्या पट्ट्यातच डोकावतो. ही या पद्धतीची जमेची बाजू. पण फुगून पातळ झालेल्या भिंतीवर मोजत असाल तर आतल्या रक्ताचा सिग्नल मिसळला असेल अशी शंका घ्यायलाच हवी.

आता थिएटरमधलं. तुम्ही पाहता तो आकडा इतक्या गोष्टींनी हलतो की शिकायचं खरं तर तेच आहे. हार्ट-लंग मशीन सुरू होण्याआधी हृदय धडधडत असतं आणि प्रोब प्रत्येक ठोक्याला हलतो. ती हालचाल यंत्राला रक्तप्रवाहासारखीच दिसते. पंपावर गेल्यावर धडधड जाते, पण मशीनच्या नळ्यांतलं द्रावण मिसळून रक्त पातळ होतं, हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) उतरतो आणि तांबड्या पेशी कमी झाल्या म्हणून आकडाही उतरतो. शरीर थंड केलं, भूलतज्ज्ञांनी वाहिन्या आकसवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन वाढवलं, सरासरी दाब खाली आला, की पुन्हा बदल. प्रोब जरा दाबून धरला तर खालच्या वाहिन्या चेपतात. सर्जनच्या हेडलाइटचा झोत प्रोबवर पडला, कॉटरी (रक्तस्राव थांबवायचं विजेचं उपकरण) चालू झाली, की आलेखात काटे उभे राहतात.

म्हणून आकड्यापेक्षा त्याच्या शेजारच्या रकान्यांवर जीव लावा. वेळ, सरासरी दाब, पंपाचा फ्लो, तापमान, हिमॅटोक्रिट, चालू औषधं, प्रोब नेमका कुठे आणि कोणी धरला, कॉटरी चालू होती का. यातलं बरंचसं पर्फ्युजनिस्टच्या (हार्ट-लंग मशीन चालवणाऱ्याच्या) चार्टवर असतं, तेव्हा आधी त्यांच्याशी बोलून घड्याळं जुळवून घ्या. मॉनिटरचं घड्याळ आणि तुमच्या लॅपटॉपचं घड्याळ दोन मिनिटांनी वेगळं असेल तर नंतर कितीही हुशारीने आकडेमोड करा, उपयोग नाही.

क्लॅम्प लावल्यानंतर, हृदय थांबलेलं आणि महाधमनीचं मूळ रिकामं असताना, क्लॅम्पच्या हृदयाकडच्या बाजूला एक नोंद जरूर घ्या. कोरोनरी वाहिन्यांतून रक्त येणं तेव्हा बंद असतं. तरीही आकडा शून्यावर येत नाही: पेशी जागच्या जागी थरथरतात, आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून थोडं रक्त येतही असतं. तुमच्या बाकीच्या सगळ्या नोंदी या तळाच्या पातळीशी ताडून पाहायच्या असतात. मात्र मोजमापासाठी क्लॅम्पचा वेळ एका सेकंदानेही वाढता कामा नये. सर्जन ‘झालं?’ म्हणाले की झालं. नोंद अपुरी राहिली तर अपुरी लिहा.

गोव्यात काम करताना दोन गोष्टी वेगळ्या शिकाव्या लागतात. पहिली हवा. पावसाळ्यात थंड थिएटरमधून यंत्र बाहेरच्या दमट पॅसेजमध्ये नेलं की कनेक्टरच्या तोंडावर दव धरतं. झाकणं लावूनच बाहेर काढा, सिलिका जेलच्या पेटीत ठेवा. प्रोब निर्जंतुक कसा करायचा ते त्याच्या कंपनीच्या सूचनेत पाहून सीएसएसडीच्या (रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागाच्या) सिस्टरांना स्वतः समजावून सांगा. तंतू नाजूक असतात, सरसकट ऑटोक्लेव्हला पाठवू नका.

दुसरी संमती. बांबोळीच्या गोमेकॉसारख्या (गोवा मेडिकल कॉलेजसारख्या) ठिकाणी साष्टीचे रुग्ण येतात, सत्तरीचे येतात, सिंधुदुर्ग आणि कारवारहूनही येतात. कोणी देवनागरी वाचतो, कोणी रोमी (रोमन लिपीतली) कोकणी, कोणाला वाचून दाखवावं लागतं. नैतिकता समितीने मंजूर केलेला कागद रुग्णाला ज्या भाषेत कळतो त्या भाषेत हवा, आणि तो आदल्या दिवशी निवांत बसून समजावायला हवा, ट्रॉलीवर नव्हे. एका आजोबांनी मला विचारलं होतं, ‘काळजाक सुई टोचतलास काय?’ प्रोब नुसता वरून टेकवतो, टोचत नाही, थोडा वेळ जास्त लागेल, आणि नको म्हटलंत तरी ऑपरेशन जसं व्हायचं तसंच होईल, एवढं सांगितल्यावर त्यांनी मुलीला विचारून दुसऱ्या दिवशी सही केली. तो एक दिवस त्यांना मिळणं हा त्यांचा हक्कच होता.

या कामाला येणारे तीन वाटांनी येतात: पर्फ्युजन टेक्नॉलॉजी (हार्ट-लंग मशीन चालवण्याचं शिक्षण) शिकून, बायोमेडिकल इंजिनिअरिंग किंवा भौतिकशास्त्राकडून, आणि एम.सीएच. (शस्त्रक्रियेतली उच्च पदवी) करणारे डॉक्टर प्रबंधासाठी. पर्फ्युजनचे अभ्यासक्रम शेजारच्या कर्नाटकात आणि महाराष्ट्रात आहेत. माझं मत विचाराल तर आधी पर्फ्युजन शिकलेल्याला हे लवकर जमतं, कारण पंपावर रुग्णाचं काय होतं ते त्याला अंगवळणी पडलेलं असतं. भौतिकशास्त्राकडून येणाऱ्यांनी निदान काही महिने नुसतं थिएटरमध्ये उभं राहावं.

थिएटरमध्ये जाण्याआधी घरचा अभ्यास एकच सांगते. प्रोब स्वतःच्या हाताच्या कातडीवर चिकटवा आणि दंडावर रक्तदाबाचा कफ बांधून वरच्या दाबाच्याही वर फुगवा. आकडा खाली येतो, पण शून्य होत नाही. दोन-तीन मिनिटांनी कफ सोडा, आकडा मूळ पातळीच्या वर उसळतो आणि हळूहळू खाली बसतो. मग तेच प्रोब दाबून करा, हात हलवून करा, बर्फाच्या पाण्यात बुडवलेला हात बाहेर काढून करा. प्रत्येक आलेखावर तारीख आणि परिस्थिती लिहा, आणि आठवडाभराने नुसता आलेख पाहून कोणता कशाचा ते ओळखता येतंय का बघा.