अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठवाडेकरांसाठी: ऑनलाइन पत्र कसं पाठवायचं

भाड्याचं घर सोडताना ईमेल केला म्हणजे झालं, असं धरून चालू नका. लीज, म्हणजे भाडेकरार, नीट वाचा. नोटीस टपालानेच हवी, असं त्यात बरेचदा असतं. टेक्सासात तर तुमचा पुढचा पत्ता लेखी दिल्याशिवाय डिपॉझिट परत करायचं बंधन घरमालकावर येतच नाही. वसुली कंपनीने भलतंच बिल मागितलं, तर नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी हरकत घ्यावी लागते. हे हक्काचे पैसे आहेत, आळसापायी घालवू नका.

प्रिंटर नसला तरी अडत नाही. क्लिकटूमेल, लेटरस्ट्रीम यांसारख्या सेवांवर पीडीएफ चढवायची, पत्ता भरायचा, कार्डाने पैसे द्यायचे. छपाई, घडी, पाकीट, तिकीट सगळं ते बघतात. पुरावा हवा तिथे सर्टिफाइड मेल (पाठवल्याची नोंद राहणारं टपाल) आणि सोबत रिटर्न रिसीट (पत्र मिळाल्याची सहीची पावती) निवडा. साध्या पत्राचा माग लागत नाही. (घरमालकाला फक्त चेक पाठवायचा असेल, तर आधी बँकेचं बिल पे बघा, बऱ्याच बँका चेक छापून फुकट पोस्टात टाकतात.)

घोळ होतो तो कागदाच्या मापात. आपली फाइल ए4, म्हणजे 210 बाय 297 मिलिमीटर. इथला लेटर कागद 216 बाय 279. उंची 18 मिलिमीटर कमी, त्यामुळे ए4 तशीच चढवली की एक तर अक्षर बारीक होतं, नाहीतर तळाचा मजकूर, नेमकी सहीच, कापली जाते. आधी पेज सेटअपमध्ये ‘लेटर’ करा, मग पीडीएफ काढा. पाकिटाला खिडकी असेल तर पत्ता ठरल्या चौकोनातच बसवा. ते जमत नसेल तर पत्त्याचं वेगळं पान जोडायचा पर्याय घ्या. प्रिव्ह्यूत पानन् पान उघडून बघा. परतीच्या पत्त्यात अपार्टमेंट नंबर हवाच.

आजीला मराठीत पत्र धाडायचं असेल, तर सेवा भारतात पाठवते का ते आधी पाहा. पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड केलेला, म्हणजे फाइलमध्येच सामावलेला, असू द्या, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन छापून जातात. पाकिटावरचा पत्ता इंग्रजीत, शेवटच्या ओळीत देशाचं नाव मोठ्या अक्षरांत. गावाच्या नावावर भागत नाही. पिंपळगावं कितीतरी आहेत, म्हणून तालुका, जिल्हा दोन्ही लिहा. पिनकोड तर दोनदा तपासा: नांदेड शहर 431601, लातूर 413512. यातल्या 431 आणि 413 ची अदलाबदल सहज होते.

शेतीच्या किंवा घराच्या व्यवहाराचं मुखत्यारपत्र मात्र या वाटेने पाठवू नका. तिथे शाईची सही असलेला मूळ कागद लागतो, छापलेली सही चालत नाही. वकिलातीचं साक्षांकन किंवा नोटरी आणि अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी दाखला) करून तो कुरिअरनेच पाठवा, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यायला घरच्यांना सांगा.