परदेशात सायकल टूर करायचीय? तयारी ठाण्यातच सुरू करा

परदेशात सायकलवर फिरायचं म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर एकतर दाढी वाढवून जगप्रदक्षिणेला निघालेला कोणीतरी येतो नाहीतर लाखभराची कार्बन सायकल. दोन्ही लागत नाही. रविवारी सकाळी पाम बीच रोडला वाशी ते बेलापूर जाऊन-येऊन करता आणि नंतर मिसळ खायची ताकद उरते ना, मग झालं.

पहिल्या टूरसाठी मी डोळे झाकून डॅन्यूबचा रस्ता सांगेन, जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, बराचसा नदीच्या काठाने आणि गाड्यांपासून वेगळा, नदी वाहते त्याच दिशेने आपण, त्यामुळे मोठे चढ जवळपास नाहीतच. युरोव्हेलो ६ (युरोपातून जाणारा लांबचा सायकलमार्ग) च्या पाट्या बघत गेलात तरी पोचाल. श्लोगेनला नदी गर्रकन उलटी फिरते, तिथे छोट्या फेरीबोटीत सायकलसकट पलीकडे जायचं, आणि पुढे वाखाऊ खोऱ्यात द्राक्षाचे मळे आणि जर्दाळूच्या बागा, जुलैत गेलात तर ताजे जर्दाळू. युरोप खिशाला जड वाटत असेल तर जपानचं शिमानामी काइदो बघा, ओनोमिची ते इमाबारी साधारण ७० किमी, बेटाबेटांवरून पूल, रस्त्यावर निळी रेघ मारलेली आणि वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून.

आता खरा मुद्दा, दिवसाला किती. आपले २०० किमीची ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची राइड, मारलेले दोस्त म्हणतील रोज १२० कर, अजिबात ऐकू नका. ५०-६० पुरे. सामान लादलेली सायकल हळू जाते, समोरून वारा असेल तर अजून हळू, आणि मुख्य म्हणजे थांबायला वेळ हवा. मजा सगळी थांबण्यात आहे. कुठे गावाबाहेरच्या टपरीवजा दुकानात सफरचंदाचा रस, कुठे नदीत पाय सोडून बसायचं, कुठे एखादे आजोबा मोडक्या इंग्रजीत विचारणार कुठून आलात. १२० च्या नादात हे सगळं मागे पडतं आणि हातात फक्त स्ट्राव्हाचा, म्हणजे राइड नोंदवणाऱ्या अॅपचा, स्क्रीनशॉट उरतो.

तयारीला ठाण्यातला येऊरचा डोंगर सोडून कुठे जायची गरज नाही. मागच्या कॅरियरला दोन पॅनिअर, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या सामानाच्या बॅगा, लावा, प्रत्येकात पाच किलोची तांदळाची पिशवी टाका आणि चढायला लागा. पहिल्याच वळणावर कळेल, पुढचं चाक हलकं होतं, हँडल डुगडुगतं आणि पॅनिअर फार पुढे लावला असेल तर प्रत्येक पेडलला टाच त्यावर आपटते. हे ठाण्यात कळलेलं बरं. तेवढ्यात पंक्चरही स्वतः काढायला शिका, तिकडे दोन गावांच्या मध्ये पंक्चरवाला नसतो.

सायकल न्यायची की भाड्याने घ्यायची? पहिल्यांदा भाड्यानेच. पासाऊला घेऊन व्हिएन्नाला सोडायची सोयही काही दुकानं देतात. ताब्यात घेताना ब्रेक बघा, आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुतेक उजव्या हाताला, तिकडे बऱ्याचदा डाव्या हाताला असतो. काही सायकलींना तर पेडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो. पार्किंगमध्ये चार चकरा मारूनच बाहेर पडा. आणि उजवीकडून चालवायचं हे ट्रॅफिकमध्ये आपोआप जमतं, घोटाळा होतो तो सकाळी रिकाम्या रस्त्यावर, तेव्हा हात सवयीने डावीकडेच वळतो. हँडलच्या उजव्या टोकाला लाल टेप चिकटवा, हसतील लोक, हसू देत.

खाण्याचं सांगते. तूप, पेढे, पनीर बॅगेत भरू नका, दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे. चिवडा, शेंगदाण्याची चटणी चालते. रविवारी तिकडची सुपरमार्केटं बंद असतात, ते शनिवारी संध्याकाळीच लक्षात ठेवायचं, नाहीतर दिवसभर तोच चिवडा. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

युरोपच्या टूरला व्हिसा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो, राहायची बुकिंग्ज दाखवावी लागतात, म्हणून कॅन्सल करता येतील अशीच घ्या. परतीच्या ट्रेनमध्ये सायकल चढवायची असेल तर तिचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

मे किंवा सप्टेंबर बरा, गर्दी कमी. सप्टेंबरला जाणार असाल तर सराव भर पावसाळ्यात येतो, उलट चांगलंच, रेनकोट आणि पॅनिअरचं कव्हर किती टिकतंय ते येऊरला बघून होईल. घोडबंदर रोडला मात्र पावसात जाऊ नका, पाण्याखालचा खड्डा दिसत नाही आणि मागून ट्रेलर येत असतात.