पावसाळ्यात घोडा मागे उलटला, तर उठला म्हणून निर्धास्त राहू नका

पाऊस लागला की तबेल्याची फरशी शेवाळते. त्यात वीज कडाडली की बांधलेला घोडा बुजतो, मागे ओढ घेतो, दोर सुटत नाही म्हणून आणखी बिथरतो आणि पाठीवर उलटतो. दोन कानांमागचा माथा जमिनीवर आपटतो. डोक्याच्या दुखापतींत मला ही सर्वांत फसवी वाटते. वरून खरचटलेलंही दिसत नाही, पण कवटीच्या तळाचं हाड मानेच्या स्नायूंच्या हिसक्याने मोडू शकतं. डोळ्यांच्या नसा ताणल्या जाऊन आंधळेपणही येतं.

पुष्कळदा घोडा धडपडत उठतो आणि आपला जीव भांड्यात पडतो. पण मेंदूची सूज पुढचे एक-दोन दिवस वाढू शकते. म्हणून पडल्याची वेळ लिहून ठेवा आणि पशुवैद्यांना लगेच बोलवा. डोकं एका बाजूला कलणं, बुबुळं आपोआप हलणं, झोकांड्या, एक कान किंवा ओठ लोंबणं, नाका-कानातून रक्त येणं ही माथा आपटल्याची लक्षणं. कपाळावर लाथ बसली असेल तर घोडा सुस्तावतो, एकाच बाजूने गोल फिरतो, समोरची भिंतही त्याला दिसत नाही.

तोवर गर्दी हटवा, खाली जाड अंथरूण पसरा. अशा वेळी रोजच्या माणसालाही तो ओळखेल असं नाही, पायांच्या टप्प्यात उभे राहू नका. नाकातून रक्त आलं तरी बोळा कोंबू नका, घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. गळ्याभोवतीचा दोर सैल करा; मानेच्या शिरा दबल्या की मेंदूतला दाब वाढतो. आडवा पडला असेल तर डोक्याखाली पेंढा देऊन ते जरा उंच ठेवा. घरातलं गुंगीचं औषध देऊ नका, तोंडाने काही पाजू नका. जखम असेल तर धनुर्वाताच्या लशीचं विचारा.

बांधताना निरगाठ नको, सुरगाठ मारा. कडीला आधी सुतळीचा फास अडकवून त्यात दोर बांधला, तर जोराच्या ओढीला सुतळी तुटते, घोडा वाचतो. शिंगराला बांधून एकटं सोडूच नका.

पडताना कुणी पाहिलं नसेल आणि घोडा अचानक लटपटत लाळ गाळत असेल, तर मार लागला असं धरून चालू नका. रेबीजमध्येही असंच दिसतं. त्याच्या तोंडात हात घालू नका, लाळेला उघडा हात लावू नका.