नॉइझ एमसी ऐकायचा कसा: गाणं, तारीख आणि कलम

नॉइझ एमसी म्हणजे इव्हान अलेक्सेयेव्ह. जन्म 9 मार्च 1985, स्मोलेन्स्क प्रांतातलं यार्त्सेवो गाव. गिटार वाजवणारा, रॉकच्या अंगानं रॅप करणारा हा गायक आज रशियाबाहेर राहतो आणि त्याच्या देशातल्या न्यायालयानं त्याच्या एका गाण्याच्या प्रसारावर बंदी घातलेली आहे. त्याची गाणी नुसती प्लेलिस्टला लावून ठेवली तर ताल आवडेल, पण वाद कशाचा आहे ते उमगणार नाही. त्याच्या बऱ्याच महत्त्वाच्या गाण्यांमागे एक ठरावीक घटना असते आणि काहींच्या पुढे कायद्याचं एखादं कलम उभं असतं. ही तिन्ही शेजारी ठेवून ऐकलं की रशियन न येणाऱ्यालाही हा माणूस नीट कळतो.

आधी तयारी. वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये चार रकाने आखा: गाणं, त्यामागची घटना, तारखा, परिणाम. तारखांच्या रकान्यात घटनेची आणि गाणं प्रसिद्ध झाल्याची तारीख वेगवेगळी लिहा. मैफलीत आधी गायलेलं गाणं पुष्कळदा बऱ्याच काळानं ध्वनिमुद्रित होऊन येतं आणि सगळा घोळ तिथंच होतो. नाव शोधताना इंग्रजी स्पेलिंगवर विसंबू नका. रशियन विकिपीडियाच्या पानावरून सिरिलिक लिपीतलं नाव कॉपी करून शोधा. सरकारी याद्यांत मंचनाव मागं पडतं. तिथं आडनाव, नाव, वडिलांचं नाव या क्रमानं ‘अलेक्सेयेव्ह इव्हान अलेक्सान्द्रोविच’ असं शोधावं लागतं. तारखा मात्र आपल्यासारख्याच, दिवस-महिना-वर्ष अशा लिहितात.

प्रत्येक गाणं तीनदा ऐका. पहिल्यांदा शब्दांविना, फक्त आवाजाचा चढउतार पकडण्यासाठी. दुसऱ्यांदा मूळ शब्द डोळ्यांसमोर ठेवून. अर्थ कळला नाही तरी कोणती ओळ तो परत परत आणतो ते दिसतं. तिसऱ्यांदा अनुवाद आणि घटनेची बातमी दोन्ही घेऊन. अनुवाद थेट मराठीत मशीनकडून काढलात तर शिव्या, बोलीतले शब्द आणि कोट्या हमखास मार खातात. आधी इंग्रजीत काढा, चाहत्यांनी केलेला अनुवाद असेल तर त्याच्याशी ताडून पाहा. दोन अनुवाद जिथं एकमेकांशी जुळत नाहीत, तिथं बहुतेक वेळा एखाद्या घटनेचा संदर्भ दडलेला असतो. तीच ओळ आधी उलगडा.

सुरुवातीची वर्षं लवकर आटोपली तरी चालेल. बालपण बेल्गोरोद शहरात गेलं, युक्रेनच्या सीमेपासून सुमारे 40 किलोमीटरवर. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल. मग मॉस्कोत विद्यापीठ, अर्बात रस्त्यावर गाणं, 2008 साली पहिला अल्बम आणि त्याच वर्षी एका चित्रपटात भूमिका.

खरा अभ्यास सुरू होतो तो 2010 पासून. 25 फेब्रुवारीला मॉस्कोच्या लेनिन्स्की प्रॉस्पेक्टवर, गागारिन चौकाजवळ, ल्युकऑइल या तेल कंपनीचे उपाध्यक्ष अनातोली बारकोव्ह यांची मर्सिडीज आणि एक छोटी सिट्रोएन यांची टक्कर झाली. सिट्रोएनमधल्या दोन्ही महिला डॉक्टर मरण पावल्या. काही दिवसांतच ‘मर्सिडीज एस666’ हे गाणं इंटरनेटवर आलं. ऐकताना पहिल्यांदा पाहायचं ते हे, की ‘मी’ म्हणून कोण बोलतंय. गायक स्वतः बोलत नाही. गाडीच्या मागच्या सीटवर बसलेला बडा माणूस बोलतो. तो आपली ओळख करून देतो, रस्त्यावरच्या सामान्यांना बाजूला व्हायला सांगतो, कारण त्याला नरकात पोचायला उशीर होतोय. हे पात्र लक्षात आलं नाही तर सगळं गाणं उलट्या अर्थानं कानावर पडतं. परिणामाच्या रकान्यात अधिकृत निष्कर्षही लिहा: तपासात दोष सिट्रोएन चालवणाऱ्या महिलेवर ठेवला गेला. त्यामुळं बारकोव्ह दोषी ठरल्याचं कुठंही लिहू नका. गाण्यातला आरोप आणि तपासाचा निष्कर्ष अशा दोन ओळी वेगळ्या राहू द्या.

हे गाणं एवढं का पेटलं, त्याचं उत्तर रस्त्यावरच सापडतं. बड्या लोकांच्या गाड्यांवर निळे फिरते दिवे असत आणि त्या जोरावर त्या उलट्या लेनमधून सुसाट जात. त्याच वसंतात मॉस्कोचे वाहनचालक मुलांच्या खेळण्यातल्या निळ्या बादल्या टपावर उलट्या चिकटवून फिरू लागले. आपल्याकडं लाल दिव्याच्या गाड्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हा राग वेगळा समजावून सांगायला नको. त्या बादल्यांची छायाचित्रं पाहून मग गाणं ऐका.

त्याच उन्हाळ्यात व्होल्गोग्राडच्या मंचावरून पोलिसांना टोमणे मारल्याबद्दल नॉइझ एमसीला 10 दिवस कोठडीत काढावे लागले, आणि त्या दिवसांवरही त्यानं गाणं केलं. इथं नवशिके हटकून चुकतात आणि ‘तुरुंगवासाची शिक्षा झाली’ असं लिहून मोकळे होतात. ही प्रशासकीय अटक होती. ‘किरकोळ गुंडगिरी’चं हे कलम प्रशासकीय संहितेतलं आहे आणि त्याखाली जास्तीत जास्त 15 दिवस ठेवता येतं. फौजदारी खटला ही निराळी गोष्ट. वहीत ‘प्रशासकीय’ की ‘फौजदारी’ हा शब्द प्रत्येक नोंदीपुढं हवाच.

2014 च्या ऑगस्टमध्ये पश्चिम युक्रेनमधल्या झाखिद महोत्सवात एका चाहत्यानं दिलेला युक्रेनचा झेंडा त्यानं मंचावर हातात घेतला. रशियानं युक्रेनचा क्रिमिया ताब्यात घेतल्याला तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. त्यानंतर रशियातल्या त्याच्या मैफली पटापट रद्द होऊ लागल्या. या काळाचा शोध घेताना बंदीचा हुकूम धुंडाळत बसू नका. अशा वेळी सभागृहाला अचानक तांत्रिक अडचण येते, आगीच्या सुरक्षिततेचं कारण निघतं, आयोजक माघार घेतो. म्हणून शहर, सभागृह, सांगितलेलं कारण आणि ते कोणी सांगितलं, एवढं टिपा. बेल्गोरोदची आठवण इथं ठेवावी: सीमेपलीकडचं खारकीव्ह त्याच्या बालपणाच्या शहरापासून 100 किलोमीटरच्या आत आहे.

आता तुलनेसाठी आणखी दोन नावं घ्या, नाहीतर सगळे रशियन रॅपर सरकारविरोधी असा समज होतो. टिमाटीनं 2019 साली मॉस्कोच्या निवडणुकीच्या तोंडावर महापौरांचं कौतुक करणारा व्हिडिओ काढला. यूट्यूबवर नापसंतीचा इतका पाऊस पडला की तो काढून टाकावा लागला. हस्कीचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं आहे. हा गायक पूर्व युक्रेनमधल्या डोनबासमध्ये रशियासमर्थकांच्या बाजूनं गेलेला, तरीही नोव्हेंबर 2018 मध्ये क्रास्नोदारला मैफल रद्द झाल्यावर गाडीच्या टपावर चढून गायला म्हणून त्याला 12 दिवसांची अटक झाली. 26 नोव्हेंबरला त्याच्यासाठी मॉस्कोत मैफल झाली आणि त्याच दिवशी तो सुटला. मंचावर ऑक्सिमिरॉन, बास्ता आणि नॉइझ एमसी हे रॅपर होते. युक्रेनबद्दल हस्कीच्या अगदी उलट मत असलेला माणूस त्याच्या बाजूनं उभा राहिला, आणि आमच्या मते नॉइझ एमसी समजायला झेंड्याइतकीच ही संध्याकाळही महत्त्वाची आहे.

2022 च्या नोंदींना सगळ्यांत जास्त काळजी लागते. युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाल्यावर नॉइझ एमसी लिथुआनियात गेला आणि मोनेतोच्का या गायिकेबरोबर युरोपात निर्वासितांच्या मदतीसाठी मैफली केल्या. 18 नोव्हेंबर 2022 ला न्याय मंत्रालयानं त्याला ‘परदेशी एजंट’ ठरवलं. याचा अर्थ हेर नव्हे आणि गुन्हेगारही नव्हे. ही एक यादी आहे. मंत्रालय ती सहसा शुक्रवारी वाढवतं. यादीतल्या माणसाला आपल्या प्रत्येक पोस्टवर ठरलेली सूचना लावावी लागते. वारंवार टाळली तर प्रकरण फौजदारीत जातं. 1 मार्च 2025 पासून अशा लोकांचं रशियातलं रॉयल्टीसारखं उत्पन्न एका खास खात्यात अडकून पडतं आणि नाव यादीतून निघाल्याशिवाय हाती येत नाही. दबाव पैशांच्या वाटेनं कसा येतो ते इथं दिसतं.

शेवटी ‘सहकारी संस्था हंस सरोवर’. हे गाणं उघडायला तीन किल्ल्या लागतात. पहिली: सोव्हिएत काळात नेते वारले की दूरचित्रवाणीवर ‘स्वान लेक’ म्हणजे ‘हंस सरोवर’ हा बॅले दाखवत, ऑगस्ट 1991 च्या उठावातही तोच लागला होता. म्हणून ‘मला बॅले पाहायचाय’ हे म्हणणं सत्ताबदलाची इच्छा ठरतं. दुसरी: 1996 साली लेनिनग्राड प्रांतात एका तळ्याकाठी बंगले बांधणाऱ्यांनी ‘ओझेरो’ (म्हणजे सरोवर) नावाची सहकारी संस्था काढली, संस्थापकांत पुतिन होते, आणि पुढं रेल्वेचे प्रमुख झालेले याकुनिनही. तिसरी: ‘आठ वर्षं कुठं होता?’ हा युद्धसमर्थकांचा ठरलेला प्रश्न. 2014 पासून डोनबासमध्ये लढाई चालू असताना गप्प होतात, मग आता का बोलता, असा त्याचा रोख. गाणं तोच प्रश्न विचारणाऱ्यांवर उलटवतं. या तिन्हींशिवाय अनुवाद वाचलात तर गाण्यातले हंस आणि म्हातारा एवढंच हाती लागेल.

मे 2025 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या प्रिमोर्स्की जिल्हा न्यायालयानं या गाण्याच्या प्रसारावर बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये त्याच शहरात नाओको या मंचनावानं रस्त्यावर गाणाऱ्या 18 वर्षांच्या मुलीनं ते गायलं, गर्दीनं साथ दिली, आणि तिला पहिल्याच फेरीत 13 दिवसांची अटक झाली. व्हिडिओ एका ठिकाणी नाहीसा झाला तर त्याच्या नवनव्या प्रती येत राहतात. कापलेल्या नाहीत ना, हे लांबी पाहून तपासा आणि वहीत मूळ वाहिनीचीच लिंक ठेवा.

ही लिंक रशियात वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेल्या आपल्या मुलांना मात्र पाठवू नका, त्यांच्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकू नका आणि त्यांना टॅगही करू नका. बंदी असलेला मजकूर तिथल्या खात्यावरून पुढं गेला तर जाब तिथं राहणाऱ्याला द्यावा लागतो, आणि परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसाही धोक्यात येऊ शकतो.